वरच्या फळीवरचे डबे

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

गेले पंधरा दिवस तुझा फोन उचलला नाही, नुसतं ‘बरी आहे’ लिहून पाठवत राहिले, त्याबद्दल आधी माफी मागते. फोनवर मी भांडले असते. पत्रातही भांडणारच आहे, पण इथे निदान खोडता येतं.

आज साखरेचा डबा माझ्या डोक्यावर पडला. म्हणजे काठीच्या मुठीने ओढताना मीच पाडला. केसांत साखर, प्लास्टरच्या फटीत साखर, आणि झाडायला खाली बसले तर उठायची पंचाईत. तो डबा तिथे ठेवला कोणी? तू! ज्या फळीवरचं काढताना स्टुलावरून पडून माझा घोटा मोडला, नेमक्या त्याच फळीवर तू सगळे डबे घासूनपुसून ओळीने लावून गेलीस. वर म्हणालीस, “आता कसं, जागच्या जागी!”

अगं, तो पसारा नव्हता. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, कपभर चहासुद्धा टेबलापर्यंत नेता येत नाही. म्हणून चाकांच्या खुर्चीतून ओट्यापाशी जायचं, चहा थर्मासमध्ये, थर्मास गळ्यातल्या पिशवीत, आणि मग वॉकर धरून लंगडत टेबलाशी. मीठ चमच्यांच्या खणात, चहाचा डबा शब्दकोशांशेजारी. सगळं कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. ही व्यवस्था बसवताना मी दोनदा रडले आहे. तू दारातून आत पाऊल टाकलंस आणि विचारलंस, “हे घर आहे की भंगारवाल्याचं दुकान?”

पण डब्यांचं जाऊ दे. तपासणीला मला नेलंस तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरून तुला विचारलं, “यांच्या घरी कोण असतं?” तू हळहळून म्हणालीस, “कोणी नाही हो.” मी तिथेच पडले होते, ताई. मोडला होता तो घोटा. वीस वर्षं या घराचं वीजबिल भरते, इथेच बसून मुद्रितं तपासते, नळ गळला तर प्लंबरशी हुज्जत घालते, आणि घरी कोणी नाही?

आणि शनिवारी तू गाडी घेऊन मला न्यायला येणार, हे मला कळावं कोणाकडून, तर खालच्या शिंपीणबाईंकडून! “कायमच्याच निघालात म्हणे बहिणीकडे? मग ती खिडकीतली कुंडी मला द्या,” म्हणाल्या. माप घ्यावं तशी कुंडीकडे बघत होत्या. तू त्यांच्याशी बोललीस, गाडीवाल्याशी बोललीस, घरमालकांशीसुद्धा बोललीस. मी तेवढी राहिले.

इथवर लिहून थांबले होते. मी कृतघ्न आहे का? तू बसचे धक्के खात आलीस, माझी पाठ चोळलीस, पायाची नखं कापलीस. रागाच्या भरात हे गाळलं तर अर्धंच खरं लिहिलं असं होईल. आणखी एक प्रश्न मलाच पडतो. तू डबे वर चढवत होतीस तेव्हा मी समोर खुर्चीत होते, जीभ शाबूत होती. मग बोलले का नाही?

कारण तू गुणगुणत होतीस. भाऊजी गेल्यापासून तुझं गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं. लेक नोकरीच्या गावी गेल्यावर तर तू फोनवरही हळू बोलतेस, जणू घरात कोणी झोपलंय. त्या दिवशी माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढताना स्वतःशीच म्हणालीस, “दोघींचं करायला बरं वाटतं.” ते ऐकल्यावर मला डब्यांबद्दल तोंड उघडवेना. घरी कोणी नाही, हे तू डॉक्टरांना कुठल्या घराबद्दल सांगितलंस, ते मला उशिरा कळलं.

म्हणून हे पत्र. मी येणार नाही. शिंपीणबाईंना कुंडी मिळणार नाही. पण शनिवारी गाडी येऊ दे, आणि तू मोठी बॅग घेऊन उतर. प्लास्टर निघेपर्यंत तरी राहा. पुढे कोणी कोणाकडे, ते समोरासमोर भांडून ठरवू. अंघोळीला मला मदतीचा हात लागतो, हे इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. अट एकच: आल्या आल्या डबे खाली. आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलंच, तर उत्तर मी देईन. आम्ही दोघी असतो म्हणून.

तुझीच, अजून रागावलेली,
धाकटी

उद्या : आतल्या खोलीतल्या पलंगावरचे मुद्रितांचे गठ्ठे हलवणे.