हत्तीवरच्या सिंहाचं पदक

नरखेड,
१४ ऑक्टोबर १९७३

ती. चंद्रभानदादांस गोपिकाचा शि. सा. न. वि. वि.

बारशाला आला नाहीत म्हणून रुसले होते, पण चांदीचं पदक पोचलं आणि राग गेला. तुमच्या आखाड्याच्या पन्नाशीचं पदक, त्यावर जुन्या गोंड राजांच्या काळातला, हत्तीवर चढलेला सिंह. बाळ टकमक बघतं.

सासूबाई म्हणतात, सोनं नाही तर नाही, ही चांदीच गुटीत उगाळू, उष्णता जाते. फक्त मामाले विचार वं, चांदी खरी हाय ना, असं त्यांनी दोनदा बजावलंय. लवकर कळवा.

भाच्यावर माया असू द्यावी.

गोपिका

इतवारी, नागपूर,
२० ऑक्टोबर

चि. सौ. गोपिकास अ. आ.

सासूबाईंना सांग, चंद्रभान भाच्याला हलकं देत नाही. पदकासोबत शिक्क्याचा कागद मिळालाय. सराफ्यात राहून मी सोनाराला दाखवलंसुद्धा नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला? खुशाल उगाळा. पोरगा माझ्यासारखा पैलवान होईल.

घरच्या वडिलांना नमस्कार, बाळाला पापा.

चंद्रभान

इतवारी,
९ डिसेंबर, सकाळी

गोपिका, आशीर्वाद मागाहून.

पदक उगाळणं आत्ताच्या आत्ता थांबव. बाळाला पाठवलं तसंच दुसरं पदक माझ्याजवळ आहे, त्याला कडी लावायला मारोतराव सोनाराकडे गेलो होतो. फुंकणीची आच लागताच सिंह हत्तीसकट वितळून खाली बसला. वर चांदीचं पाणी, आत नुसतं शिसं. मारोतराव म्हणाले, पोटात गेलं तर विषच. सहाण फेकून दे, बाळाला दवाखान्यात ने. तार गावाबाहेर तुमच्या संत्र्याच्या बगीच्यापर्यंत कोण आणणार, म्हणून हे एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. आज गाडीत पाय ठेवायला जागा नाही, उद्या पहिल्या गाडीने मी येतोच आहे. माझं चुकलं गं.

चंद्रभान

नरखेड,
९ डिसेंबर, दुपारी

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर बाळाने जीव नकोसा केला. दूध ओकतं, पोट नगाऱ्यासारखं ताठ, रात्रंदिवस रडणं. हे नागपूरला न्यायचं म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, उष्णता चढली, चांदी वाढवा. मी घाबरले, पण तुमचं ऑक्टोबरातलं 'खुशाल उगाळा'चं पत्र यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनीही हो म्हटलं. आता दोन्ही वेळा उगाळतो.

आणि गुण आला, दादा. सकाळपासून एकदाही रडलं नाही. हलवलं तरी उठत नाही, इतकी गाढ झोप लागलीय. नागपूरचं रद्द केलंय.

आमची काळजी नसावी, लोभ आहेच तो राहू द्यावा.

तुमची गोपिका