अज्जीनं पाणी मागितलं नव्हतं

३ फेब्रु. ७६, मंगळवार

आधी दुरुस्ती. अज्जी गेली त्या दिवशी मी इथं लिहिलं की, शेवटी ती पाणी मागत होती. खोटं. ती म्हणाली, "गिरजा बंदळेनु?" गिरजा आली का? दोनदा.

आवाज पार खाली गेला होता, खोलीपुरताच. आई नातेपुत्याची, तिला कानडी येत नाही. बाबा दारात उभे. आईनं विचारलं, "काय म्हणती?" मी म्हटलं, पाणी. चमच्यानं पाजलंही. तिनं गिळलं नाही. हनुवटीवरून ओघळलं, ते मी पदरानं पुसलं.

गिरजाआत्या बाबांची धाकटी बहीण. परजातीत लग्न करून कुर्डुवाडीजवळच्या केमला गेली. बाबांसमोर तिचं नाव घ्यायचं नाही, हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. तरी माहीत होतं.

रोजनिशीतसुद्धा पाणीच लिहिलं. इथं कोण वाचणार होतं?

५ फेब्रु.

शेजारच्या मैनाबाई कुर्डुवाडीला जाऊन आल्या. स्टेशनात आत्या भेटली म्हणे. "मला इचारली, आईनं माजं नाव घेतलं का वो? म्या म्हनलं, न्हाय बाई, नुस्तं पानी मागत गेली. लई रडली बगा."

मी चहा ठेवायला आत गेले. साखर दोनदा घातली. मैनाबाई म्हणाल्या, "ग्वाड केलीस की गं." आवडला त्यांना.

८ फेब्रु., रविवार

अज्जीची आठवण लिहायची म्हणते आणि स्वतःचंच लिहीत बसते. तर अज्जी. शाळेच्या आधी मी तिच्याकडंच शिकले, काटवटीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढून. एका कडेला मराठी, एका कडेला कानडी. चुकलं की तळहातानं पीठ सारखं करायची, म्हणायची, "गेलं बघ. पुन्हा काढ." आईच्या भाकरीला हसायची, "ही भाकरी हाय का गादी?" आईही हसे.

तिची कडक भाकरी पापडासारखी. एक नेहमी फडक्यात बांधून शिंक्यात. महिना झाला की जुनी स्वतः दुधात कुस्करून खायची, नवी ठेवायची. "गिरजाची. लेक माहेराहून रिकाम्या हातानं जाऊ नये."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. तरी पाणी.

आज बघितलं. शेवटची अजून शिंक्यातच आहे.

११ फेब्रु.

बाबांना सांगायचं होतं, अकलूजला मैत्रिणीकडं जाते. तोंडातून निघालं, "केमला जाते. अज्जीनं पाणी मागितलं नव्हतं."

ते कपाळाला विभूती लावत होते. हात थांबला. मग म्हणाले, "दोनदा म्हणाली. मी दारातच होतो की."

न जेवता दुकानात गेले.

आधी मला हलकंच वाटलं. चला, मी एकटी नाही. लगेच त्याचीच लाज वाटली. शेवटी अज्जी माझ्याकडं बघत होती. बाबांकडं नाही.

१३ फेब्रु.

आई म्हणाली, "जा. पण तितं ह्यांचं काही बोलू नको, दारात होते म्हणून." आत्या विचारणारच, दादाला माहीत होतं का? तिथं पुन्हा पाणी म्हणायचं का?

बाबा संध्याकाळी शेंगाचटणीची पुडी ओट्यावर ठेवून गेले. भाकरीबरोबर डब्यात ठेवली. भाकरीची कड भरताना मोडली, तो तुकडाही घेतला आहे.

परवा निघायचं, रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळची पॅसेंजर. आणीबाणीमुळं हल्ली गाड्या वेळेवर सुटतात म्हणे.