टेसाचा साखरेचा डबा

चि. टेसा हिला बेरू बेटावरून इओतेबा आजोबाचे भरतीच्या पाण्याइतके आशीर्वाद.

तुझी, तुझ्या आईवडिलांची आणि तुझ्या परीक्षेची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे. टाकीत पावसाचं पाणी गुडघाभर आहे, तेरेसिया आजीचा आवाज पूर्वीसारखाच दोन घरं ओलांडून जातो आणि माझा पाय उत्तम आहे. तुझी आठवण कुणालाच येत नाही. (आजी सकाळी तीन कप मांडते आणि मग एक उचलून ठेवते, पण तिला मोजायचं कधी जमलंच नाही.)

पत्राला तसं कारण काही नाही. काल सभाघरात तुझा विषय निघाला आणि होडीवाल्या तेबुआईने पुन्हा तुझ्या पहिल्या दिवसाची नक्कल करून दाखवली. चित्रांची एवढी थोरली गुंडाळी काखोटीला मारून तू आलीस आणि थेट त्याच्या घराण्याच्या खांबाला टेकून बसलीस! आमच्याकडे पोर रांगायला लागलं की आधी आपल्या घराण्याची जागा ओळखतं, आणि तू तर आम्हाला हात धुवायला शिकवायला आलेली शिकलीसवरलेली मुलगी. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी मीच तुला मनगट धरून माझ्या जागेवर ओढलं आणि पंचाईत नको म्हणून ‘ही माझी नात’ असं ठोकून दिलं. सभाघरात बोललेलं मागे घेता येत नाही, म्हणून तू नात झालीस. (तो माझा थोरपणा नव्हता, घाई होती.)

मग तुझ्यामागे बुबुसी लागली. नात्यातल्या माणसाने ‘बुबुसी’ म्हणून काही मागितलं की नाही म्हणायची सोय नसते, हे तुला सांगायला आम्ही विसरलो. मागायला मात्र कुणी विसरलं नाही. माझी नात ठरल्यावर अर्धं बेट तुझं सोयरं. आठवड्यात छत्री गेली, बूट गेले, पोरांसाठी आणलेले दात घासायचे तीस ब्रश तेबुआईने होडी रंगवायला नेले आणि किडक्या दातांचं ते भयंकर चित्र पाववाल्या बाईने कुत्री पळावीत म्हणून दारात टांगलं. (कुत्री आली तशी आली, गिऱ्हाइकं पळाली.) तू नीरफणसाच्या झाडाखाली बसून रडलीस. तेव्हा आजी कडाडली, “अगं वेडे, रडतेस काय? तोंड आहे ना तुला? तूही माग की!”

तिने लावलेल्या या आगीत पहिलं शेपूट माझंच जळलं. दुसऱ्या दिवशी तू साखरेच्या रोगाचा पाठ घेत होतीस आणि मी पुढे बसून जोरजोरात मान हलवत होतो. (चहात चार चमचे घालणाऱ्याने मान जास्त हलवावी, म्हणजे संशय येत नाही.) तू एकदम माझ्याकडे वळलीस. “आजोबा, बुबुसी. तुमचा साखरेचा डबा मला द्या.” छपरावरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली. मग तेबुआई ओरडला, “गेला रे इओतेबाचा डबा!” आणि सभाघर हसून लोळलं. हसणं संपायच्या आत त्याची तंबाखू गेली होती. महिनाभरात तुझ्या उशाशी अकरा डबे! चित्रांना जमलं नाही ते मागण्याला जमलं. रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन तू साखरेने चिघळलेली जखम धुवायचीस आणि बोलत राहायचीस. मला निम्मंच कळायचं. जखमेला सगळं कळत असावं, कारण ती भरत आली होती.

हल्ली विमान आलं की मी धावपट्टीवर जातो. सहजच, डुकरं हाकायला कुणीतरी लागतंच. तांदळाची पोती उतरतात, कुणाची तरी मावशी उतरते. दार बंद होईपर्यंत थांबतो आणि घरी येतो.

तुझ्या घरच्या थोरांना माझा मान सांग, लहानांना खारवलेल्या माशाचा एकेक तुकडा.

तुझा (घाईत झालेला) आजोबा,
इओतेबा

ता. क. जाताना तू बाकीचे डबे परत वाटलेस आणि माझा तेवढा ‘हा माझा आहे, सांभाळा’ म्हणून फळीवर ठेवलास. तो तसाच आहे. दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही.

आणखी ता. क. विमान गेलं त्या दिवशी एक चमचा घेतला. तरी डबा फारच हलका लागतो. मुंग्या असतील.

शेवटचा ता. क. वर लिहिलेला उत्तम पाय डावा. उजव्याचा अंगठा काळा पडलाय. नर्सबाई म्हणते, तारावाच्या इस्पितळात जाऊन काढून टाका, नाहीतर पाय जाईल. मी घाबरलो आणि भर सभाघरात सांगून बसलो की आलो तसा दहाही बोटांनिशी जाणार. आता मागे घेता येत नाही. नर्सबाई परक्या बेटाची, ती समजावते, मागत नाही. आजी नुसती रडते, आणि रडण्याला नाही म्हणता येतं. तेव्हा पोरी, ही माझीच तुझ्याकडे बुबुसी. चिठ्ठीला वेळ लागेल, नर्सबाईच्या रेडिओवर निरोप धाड. तेबुआई तो सभाघरात मोठ्याने सांगेल. फार नको. ‘आजोबा, बुबुसी. तुमच्या पायाचा अंगठा मला द्या.’ मंडळी हसतील, हसू देत. हसणं संपायच्या आत मी निघालेलो असेन. विमान गुरुवारी येतं, आणि धावपट्टीवर मी असतोच.