पंपाखालची पत्री

मी, सोपान खंडू वाघोले, वय ७१, धंदा भातगिरणी, राहणार कामशेत, तालुका मावळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो. थकलो आहे, पण डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर पत्नी शालूबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी विकायला काढू नये. तिच्यानंतर मुलगा सत्यम व मुलगी माधवी यांना निम्मेनिम्मे. बँकेतली ठेव शालूबाईच्या औषधपाण्याला.

२. पान्यांची पेटी आणि इंजिनाचे इंधन फवारणारे नॉझल तपासायचा हातपंप माधवीला. ती पुण्यात इंजिनांच्या प्रयोगशाळेत काम करते. लहानपणी तिला मी हत्यारांना हात लावू दिला नाही, त्याचे आता वाईट वाटते.

३. गिरणीची जागा सत्यमला. त्याने माझ्यासारखे गिऱ्हाइकांवर ओरडू नये.

४. गिरणीचे डिझेल इंजिन. आठ वर्षांपूर्वी ते फार काळा धूर ओकायचे. मी डिझेलात बायोडिझेल मिसळू लागलो आणि इंधनाच्या पंपाखालची एक पातळ पत्री काढली. पत्री काढली की पंप खाली बसतो, इंधन सिलिंडरात जरा आधी फवारले जाते. धूर दिसेनासा झाला आणि मी गावभर मिरवलो. शालूबाई मात्र गिरणीत चाळणीपाशी काम करताना डोळे पुसायची, खोकायची. धूरच नाही तर झोंबते काय, असे म्हणून मी तिला गप्प केले.

यंदा माधवीने धुरातले वायू मोजायचे मीटर लावून पाहिले. इंधन लवकर पेटले की आत उष्णता वाढते, काजळी जळून जाते, पण त्याच उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनचा झोंबणारा वायू होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, असे तिने सांगितले. मिश्रणाने त्यात भरच घातली होती. मी पत्री परत बसवली, तर काळा धूर परत आला. शालूबाईचा दमा आता पुरता बरा होणार नाही. डॉक्टर कोंड्यालाही दोष देतात. मी स्वतःला देतो.

विजेची मोटर बसवायची तर ऐन हंगामात गिरणी बंद पडेल, म्हणून मी ते टाळत आलो. सबब माझ्या पश्चात हे इंजिन भंगारात द्यावे व सत्यमने मोटर बसवावी.

वरील मजकूर वकील व साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. ‘माझ्या पश्चात’ म्हणजे कधी, असे शालूबाईने विचारले. वकिलांनी सांगितले. ती जरा वेळ दम खात बसली, मग म्हणाली,

“म्हंजी तुमी जाईस्तोवर मी ह्येच नाकात घ्यायचं व्हय?”

मी उठून गिरणीत गेलो आणि इंजिन बंद केले. ते आता चालू होणार नाही. भंगारवाल्याला उद्या बोलावले आहे. हंगाम बुडाला तर बुडो.

सबब कलम ४ रद्द. त्यावर मारलेली रेघ माझ्याच हातची आहे.

सही: सोपान खंडू वाघोले

साक्षीदार:
१. हनुमंत शेलार (तांदळात कणी फार पडते म्हणून वीस वर्षे भांडणारे गिऱ्हाईक)
२. रतनबाई केदारी (शेजारीण)

कामशेत, दि. १४ नोव्हेंबर २०२५