डाव्या चाकाचा लोअर आर्म

आदरणीय शेखरभाऊ यांस अमडापूरहून पुंजाजीचा नमस्कार.

तुमच्या पाठीचं दुखणं कसं आहे? सासूबाईंचा गुडघा? आणि सुवर्णाचा हात? (हात शेवटी विचारला म्हणून गैरसमज नको. पत्र त्यासाठीच सुरू केलं होतं, पण हिंमत गोळा व्हायला पाठ आणि गुडघा लागले.) माझी सासू आणि बायको, म्हणजे तुमची आई आणि बहीण, दोघी सध्या तुमच्याकडे असल्यामुळे तुमची तब्येत कशी असेल याचा अंदाज आहे. इकडे घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघंच आहोत, आणि त्यातला एकच बोलतो. वरण मीच करतो. ते रोज वेगळं होतं.

सुवर्णानं तिची बाजू तुम्हाला सांगितलीच असेल. मला बाजू अशी नाही, पण झालं ते क्रमानं लिहितो. आपली गाडी महिनाभर डावीकडे ओढत होती. स्पीडब्रेकर आला की खालून खट् आवाज यायचा, जसं कोणी आतून दार वाजवतंय. शेवटी बसस्टँडजवळच्या धम्मदीपच्या गॅरेजात नेली. तो खाली शिरला, बराच वेळ तिथंच राहिला (मला वाटलं, झोपला) आणि बाहेर येऊन म्हणाला, "डाव्या चाकाचा लोअर आर्म गेला. चाक त्याच्याच भरवशावर उभं राह्यते, भाऊ." त्याला दोन उपाय होते. कंपनीचा असली आर्म मागवायचा, तो नागपूरहून कधी येईल ते नागपूरला माहीत. नाहीतर चिखलीहून लोकल आणायचा, तो लगेच. मी विचारलं, फरक काय? "लोकल बी चालते. कुठवर चालते, ते गाडीले ठाऊक." बरं, तुझ्या गाडीला तू कोणता टाकला असता? तर म्हणाला, "माह्यापाशी मोटरसायकल हाय."

घरी सुवर्णानं एका वाक्यात निकाल दिला. "चायपत्ती लोकल चालंन, चाकाचं काम नाही." मी असली मागवला. इथवर माझं चुकलं नाही, हे तुम्हीही मान्य कराल. पण सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून त्यांना शेगावला जायचं होतं, आणि तेही गुरुवारीच. त्यांनी पिशवी सोमवारीच भरून दाराशी ठेवली होती. येता-जाता मी तिला अडखळत होतो. बुधवारपर्यंत नागपूरहून काही आलं नाही. म्हातारीला नाही कसं म्हणायचं? म्हणून कोणाला न सांगता लोकल आर्म बसवून घेतला, तात्पुरता. (या शब्दावर आपल्याकडे किती पूल उभे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.)

गुरुवारी गाडी इतकी सरळ चालली की मला भीती वाटायला हवी होती. सुवर्णा माझ्या शेजारी होती, सासूबाई मागे. उंद्री सोडल्यावर सुवर्णानं विचारलं, "असली बसवला न?" मी म्हणालो, "हाव." गाडी एवढी गुणी वागत होती की बोलताना ते मला खोटंही वाटलं नाही. पुढं बकऱ्या आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला, आणि डावं चाक थकल्या माणसाच्या पायासारखं खाली मुडपलं. गाडी रस्ता सोडून सोयाबीनमध्ये जाऊन थांबली. वेग कमी होता, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. मागून सासूबाईंनी विचारलं, "आलं काय शेगाव?"

त्यांना खरचटलंही नव्हतं. सुवर्णाचं मनगट मात्र समोर आदळलं होतं. ती उतरली, दुसऱ्या हातानं मनगट धरून चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम्ही हाव म्हनलं होतं," एवढंच बोलली. रागावली असती तर निभावलं असतं, तिच्या रागाशी माझी जुनी ओळख आहे. हे नवीन होतं. एका भाजीच्या टेम्पोवाल्यानं दोघींना खामगावला नेलं, तिथं प्लास्टर झालं, सासूबाईंनी तशातही दर्शन केलं आणि शेगावहून दोघी रेल्वेनं थेट तुमच्याकडे आल्या. मी गाडीजवळ थांबलो. शेतवाला येऊन आडवं झालेलं सोयाबीन पाहून गेला. दुसऱ्या दिवशी असली आर्म आला.

घरातल्या सगळ्यांना, ज्यांना माझा राग आहे त्यांनाही, यथायोग्य.

आपला,
पुंजाजी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. सुवर्णा फोनवर फक्त 'हूं' म्हणते. तुम्ही सहज विचारल्यासारखं तिला विचारा, मी न्यायला एसटीनं येऊ की गाडीनं? ती काहीही म्हणाली तरी चालेल. त्यात 'या' एवढं असलं की झालं.

ता. क. दुसरा. वर गाडीचं लिहिलं, पण ते पूर्ण खरं नाही. गाडी उंद्रीहून घरी आणायला धम्मदीपनं आणखी एक लोकल आर्म लावला होता. असली बसवायच्या दिवशी त्यानं तो काढला, पुसला आणि दोन्ही शेजारी ठेवले. अगदी सख्खे भाऊ. मी चहा पिऊन आलो तर एक गाडीत होता आणि एक डब्यात. कोणता बसवला विचारलं, तर म्हणाला, "असलीच बसवला असंन." त्या 'असंन'नं माझी भूक गेली आहे. (वरणाचाही थोडा वाटा आहे.)

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार तोच सुवर्णाचा फोन आला. पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन एसटीनं येते आहे. "आईचं सामान हाय, स्टँडवर गाडी आना," म्हणाली. मग जरा थांबून, "चालते न?" मी म्हणालो, "खोलून पाहतो, मग सांगतो." ती 'हूं' म्हणाली नाही, 'बरं' म्हणाली. तेव्हा भाऊ, ते एसटीचं विचारणं राहू द्या. एकच करा. धम्मदीप लग्नाला गावाला गेला आहे, तो रविवारी सकाळी परत येणार आणि मग चाक खोलणार. म्हणून दोघींना सकाळच्या एसटीत बसवू नका. जेवायचा आग्रह करा, चप्पल लपवा, काहीही करा, पण दुपारच्या एसटीत बसवा.