टाचेची जखम

ती. आईस,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर तू दोन शब्दांत उरकतेस, म्हणून लिहितेय.

प्रयोगशाळेत उंदरांचं काय करतेस, असं विचारत होतीस ना? अगं, उंदराला जखम झाली की तिथून केमोकाइन नावाची रसायनं पसरतात आणि त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात. माझ्या काही उंदरांच्या पेशींना ती रसायनं ओळखताच येत नाहीत. आज त्या वाट चुकल्यासारख्या भलतीकडेच भटकताना सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसल्या. किती महिने यासाठी घासतेय! आमच्या गाईड बाई म्हणाल्या, "छान. आता सगळं पुन्हा करून दाखव."

मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन बसले. तेवढ्यात ताईचा फोन आला. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की तुझ्या टाचेची जखम अजून चिघळतेय. मला तर "कधीच भरली" म्हणाली होतीस! साखर तपासलीस का? बाबा ड्रेसिंगला नेतात ना?

बाईंकडे रजा मागितली. "आणि प्रयोग?" त्यांनी विचारलं.

"आल्यावर करीन," म्हटलं.

तिकीट काढलंय. ताईला रागावू नकोस. आणि "येऊ नकोस" म्हणायला फोन करशील, तो मी उचलणार नाही.

तुझी हट्टी,
धाकटी