मोगऱ्याच्या नळीतली काडी

शनिवार, एप्रिलअखेर. संध्याकाळ.

गच्चीवर ठिबक बसवून आठवडा झाला. धायरीत उन्हाळाभर टँकरचं पाणी, त्यात बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, दुखरे गुडघे. त्यांनी झारी घेऊन जिना चढू नये, एवढंच मनात होतं. आता टायमर लागला की नळ्यांतून थेंब थेंब पडतो, तापलेल्या गच्चीवर ओल्या मातीचा वास तरंगतो आणि मी डोळे मिटून ऐकत बसते. किती वेळ, कोण जाणे.

पण मोगराच कोरडा कसा? बाकी सगळ्या कुंड्या ओल्या. सकाळी बाबांना म्हटलं, "अहो बाबा, मोगऱ्याला पाणी का येत नसेल?"

"तुझं यंत्र. त्यालाच विचार."

रागावलेत का? रोज संध्याकाळी झाडांशी बोलत पाणी घालायचे. ती वेळच मी काढून घेतली की काय?

संध्याकाळी टायमर लागल्यावर नीट वाकून पाहिलं. मोगऱ्याच्या नळीत काडेपेटीतली एक काडी घट्ट खोचलेली. उपसली तर भळकन पाणी आलं. तेवढ्यात जिन्यात झारी आपटल्याचा आवाज. बाबाच. एकेक पायरी, सावकाश.

मी काडी पुन्हा होती तशी दाबून बसवली आणि कोपऱ्यात जाऊन डोळे मिटले.

"आलो रे, आलो," बाबा मोगऱ्याला म्हणाले.